बांध राखायचा की सोडायचा? ब्रिटनच्या किनाऱ्याची हकीकत

आवासकर, किहीमकर, नवगावकर, नागावकर, चेऊलकर. आपली आडनावे अशी ओळीने म्हटली की मांडव्याकडून रेवदंड्याकडे जाणारा किनाराच डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्या समाजाची गोष्ट मुळी फुटलेल्या गलबतापासून सुरू होते. समुद्र काय देतो आणि काय नेतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही ब्रिटनमध्ये राहणारे आम्ही मोजके लोक या वेळी समुद्राविषयीच लिहीत आहोत, त्याला कारण आहे. या देशात किनाऱ्याचा एकेक तुकडा घेऊन, तो पुढची शंभर वर्षे राखायचा की समुद्राला सोडायचा, हे कागदावर लिहून ठेवले आहे. कोणाचे घर, कोणाचे शेत, कोणाचे कबरस्तान जाणार, ते त्यात वाचता येते. असे लिहून ठेवणे बरे की वाईट, आणि ज्याचे घर जाणार त्याचे काय, हा प्रश्न इथल्या किनाऱ्यावर आज फार मोठा झाला आहे.

आधी भरती-ओहोटीचे पाहू. इस्राएलात वाढलेल्या आपल्या नातवंडांना ते नीटसे ठाऊक नसते, कारण भूमध्य समुद्राची भरती जेमतेम हातभर चढते. अलिबागच्या माणसाला ते सांगावे लागत नाही. ओहोटीला कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जावे आणि भरती लागायच्या आत परतावे, हे लहानपणीच अंगवळणी पडलेले असते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, म्हणून उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. आपले हिब्रू महिनेही चंद्राचेच. त्यामुळे रोश होदेशच्या सुमारास एक उधाण आणि पंधराव्या तिथीच्या सुमारास दुसरे. पेसाह आणि सुक्कोथ पौर्णिमेला येतात, म्हणजे उधाणाच्या दिवसांतच. ब्रिटनभोवतीचा समुद्र उथळ आहे, आणि जिथे तो नरसाळ्यासारखा निमुळता होतो तिथे पाणी भलतेच चढते. ब्रिस्टलजवळच्या सेव्हर्न खाडीत भरती आणि ओहोटी यांतला फरक सुमारे चौदा मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार मजली इमारतीएवढा.

पण नुसत्या उधाणाने गावे बुडत नाहीत. उधाण आणि वादळ एकाच रात्री आले म्हणजे घात होतो. वादळात हवेचा दाब कमी होतो, तसे समुद्राचे पाणी वर उचलले जाते. त्यात उत्तरेचा वारा ते पाणी दक्षिणेकडे ढकलू लागला, की नॉर्थ समुद्राच्या चिंचोळ्या टोकाशी ते कोंडते आणि किनाऱ्यावर चढते. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री असेच झाले. तो शनिवार होता. हिब्रू पंचांगाप्रमाणे त्या दिवशी शेवाटची पंधरावी तिथी, म्हणजे तू बिश्वात. कोकणात आणि मुंबईत आपल्याकडे एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होण्याचा दिवस. त्याच पौर्णिमेच्या उधाणावर नॉर्थ समुद्रात वादळाचे पाणी चढले. काही ठिकाणी ते नेहमीच्या भरतीपेक्षा अडीच मीटरांहून अधिक वर आले. इंग्लंडमध्ये ३०७ माणसे गेली, हॉलंडमध्ये १८३६. पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे तासातासाने सरकत होते, पण वरच्या गावाने खालच्या गावाला कळवण्याची कुठलीच सोय नव्हती. शनिवारची रात्र, कचेऱ्या बंद, तारा तुटलेल्या. टेम्स नदीच्या मुखाजवळच्या कॅन्व्ही बेटावर लोक झोपेतच बुडाले.

त्यानंतर देश जागा झाला. भिंती बांधल्या गेल्या, सूचना देण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि लंडन वाचवण्यासाठी वुलिच इथे टेम्स नदीवर पोलादी दरवाजांची ती प्रचंड रांग उभी राहिली, जिला टेम्स बॅरिअर म्हणतात. १९८२ पासून ती कामात आहे. मोठे उधाण येणार असे दिसले की दरवाजे उचलून नदीचे तोंड बंद करतात. खारेपाटातल्या बांधाला जी उघाडी असते, तिचेच हे मोठे भावंड. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला समुद्राचे पाणी आत येऊ द्यायचे नाही, ही अक्कल आपल्या शेतकऱ्यांना कोणा इंजिनिअरने दिलेली नव्हती.

आता एक भेद लक्षात घ्यावा, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. पुराचे पाणी येते आणि जाते. घर धुऊन-पुसून माणूस परत राहायला येतो. पण जिथे समुद्र कड्याची मातीच खाऊन नेतो, तिथे घराखालची जमीनच जाते. परत यायला जागाच राहत नाही. विमा कंपन्यांनाही हा भेद चांगला कळतो. पुराचा विमा मिळतो, जमीन झिजून घर कोसळण्याचा मिळत नाही.

असे एक गाव नॉरफोक परगण्यात आहे. नकाशावर त्याचे स्पेलिंग हॅपिसबर्ग असे वाचता येते, पण तिथले लोक म्हणतात हेझबरा. (इंग्रजांनी आपल्या चेऊलचे स्पेलिंग जितक्या तऱ्हांनी केले, त्याचा सूड त्यांच्याच गावांनी घेतलेला दिसतो.) लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह, उंच मनोऱ्याचे जुने चर्च, थोडी शेते, थोडी घरे. गाव ज्या कड्यावर आहे तो दगडाचा नाही. हिमयुगात बर्फाच्या थरांनी इथे आणून टाकलेली वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचा तो ढीग आहे. पाऊस वरून भिजवतो, लाटा खालून खातात, आणि एखाद्या रात्री मोठा लचका खाली येतो.

या मातीत काय काय दडलेले आहे ते पाहा. २०१३ च्या मे महिन्यात लाटांनी किनाऱ्यावरची वाळू धुऊन नेली आणि खालच्या जुन्या चिखलावर पावलांचे ठसे उघडे पडले. मोठ्या माणसांचे आणि मुलांचे. तपासाअंती ते आठ लाख वर्षांहून जुने ठरले. आफ्रिकेबाहेर मानवाची याहून जुनी पावले तोपर्यंत कुठे सापडली नव्हती. शास्त्रज्ञांनी घाईघाईने छायाचित्रे घेतली, मोजमापे घेतली, आणि दोनेक आठवड्यांत समुद्राने ते ठसे पुसून टाकले. ज्या झिजेमुळे ते दिसले, तिनेच ते नेले.

१९५३ च्या पुरानंतर, १९५८-५९ च्या सुमारास, हेझबराच्या किनाऱ्यावर लाटांचा जोर मोडण्यासाठी लाकडी तटबंदी घातली गेली. तीस वर्षे तिने काम दिले. मग १९९० च्या दशकात वादळांनी ती मोडली, आणि सरकारने हिशेब मांडला की नवी बांधण्याचा खर्च गावाच्या किमतीच्या मानाने परवडत नाही. तेव्हापासून कड्याची धार झपाट्याने मागे येऊ लागली. १९९९ साली गावकऱ्यांनी कोस्टल कन्सर्न अ‍ॅक्शन ग्रुप नावाची चळवळ उभी केली. लोकांकडून वर्गणी काढून मोठे दगड विकत घेऊन किनाऱ्यावर टाकले. दगडांनी वेळ मिळवून दिला, गाव वाचवले नाही.

इथे आम्हांला नवगाव आठवते. आपल्या परंपरेप्रमाणे गलबत फुटले तेव्हा सात पुरुष आणि सात स्त्रिया पोहत काठाला लागल्या, आणि जे बुडाले त्यांची प्रेते नवगावकरांनी किनाऱ्याजवळच पुरली. त्या जागी आज स्मारकस्तंभ उभा आहे, आणि भारतात गेलेला आपला प्रत्येक माणूस तिथे जाऊन येतो. हेझबराच्या चर्चच्या आवारातही अशीच एक सामुदायिक कबर आहे. १६ मार्च १८०१ रोजी 'इन्व्हिन्सिबल' नावाचे लढाऊ जहाज जवळच्या वाळूच्या उंचवट्यावर अडकून बुडाले. चारशेंहून अधिक खलाशी गेले. त्यांतल्या अनेकांची प्रेते गाड्यांतून आणून हेझबराच्या लोकांनी आपल्या कबरस्तानात पुरली. पुढे लोक ती जागा विसरले. १९८८ साली पाण्याचा चर खणताना हाडे लागली तेव्हा ती पुन्हा कळली, आणि १९९८ साली तिथे स्मृतिशिला बसवली. परक्या मेलेल्यांना जमीन देणारे गाव ते. आणि त्याच कबरस्तानाच्या दिशेने आता कडा सरकत येतो आहे.

मग भिंत का बांधत नाहीत? केवळ कंजूषपणा एवढेच त्याचे उत्तर नाही, आणि ते समजून घेतले पाहिजे.

समुद्रकाठची वाळू एका जागी बसून राहत नाही. लाटा किनाऱ्याला तिरप्या येतात आणि सरळ मागे जातात, त्यामुळे वाळूचा प्रत्येक कण करवतीच्या दातांसारखी वाट काढत किनाऱ्याने पुढे सरकत राहतो. हेझबराच्या बाजूचे कडे झिजतात, त्यांची वाळू दक्षिणेकडे वाहत जाते आणि सी पॉलिंगसारख्या सखल गावांपुढे पुळण तयार करते. त्या पुळणीमागे ब्रॉड्स नावाचा तळ्यांचा आणि पाणथळ शेतांचा मोठा प्रदेश आहे. हेझबराचा कडा सिमेंटने बांधून टाकला, तर ते गाव काही वर्षे वाचेल, पण पुढच्या गावांची वाळू बंद होईल. म्हणजे एकाचा कडा हे दुसऱ्याचे कुंपण आहे. वाळू ही समुद्राला घातलेली सीमा आहे, असे यिर्मया नबीच्या पाचव्या अध्यायात येते ते आपण वाचलेले आहे. इथले शास्त्रज्ञ तेच सांगतात. एवढेच की ही सीमा रोज नवी घालावी लागते, आणि तिला माल पुरवणारा कोणीतरी असावा लागतो.

वाळू काढून नेली तर काय होते, याचा धडा इंग्लंडला एकदा फार कडक मिळाला. डेव्हन परगण्यात हॉलसँड्स नावाचे कोळ्यांचे गाव होते. सदतीस घरे, पुढे गोट्यांची रुंद पुळण. १८९७ पासून प्लिमथच्या आरमारी गोदीच्या बांधकामासाठी त्या किनाऱ्यालगतची रेती आणि गोटे उपसायला परवानगी मिळाली. जितके उपसले तितके समुद्र पुन्हा आणून टाकील, असे कागदोपत्री मानले गेले. समुद्राने आणले नाही. सुमारे साडेसहा लाख टन माल गेल्यावर पुळण दीड-दोन पुरुष खाली बसली. कोळ्यांनी ओरड केली, आणि १९०२ साली परवाना रद्द झाला. पण गेलेली पुळण परत आली नाही. २६ जानेवारी १९१७, शुक्रवारची रात्र, अमावास्या होऊन तीन-चार दिवस झालेले, उधाणाचे पाणी आणि पूर्वेचा वारा. दोन रात्रींत गाव संपले. राहण्याजोगे एकच घर उरले. माणसे सगळी वाचली, हे नशीब. एक बाई, एलिझाबेथ प्रेटिजॉन, त्या उरलेल्या घरात १९६४ पर्यंत एकटी राहिली आणि आलेल्या-गेलेल्यांना गावाची गोष्ट सांगत बसली. कोकणातल्या खाड्यांतून रात्रीबेरात्री रेती उपसली जाते, तेव्हा 'समुद्र पुन्हा आणील' हेच वाक्य ऐकू येते.

याशिवाय समुद्र स्वतःही चढतो आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत ब्रिटनभोवतीचे पाणी सरासरी एकोणीस सेंटिमीटरांच्या आसपास चढले, म्हणजे वितीला थोडे कमी, आणि अलीकडे चढण्याचा वेग वाढला आहे. पृथ्वी तापली की समुद्राचे पाणी फुगते आणि जमिनीवरचे बर्फ वितळून त्यात भर पडते. ब्रिटनमध्ये आणखी एक गंमत आहे. हिमयुगात स्कॉटलंडवर बर्फाचे अफाट ओझे होते, त्याने तिकडची जमीन दबली होती. ओझे उतरून हजारो वर्षे झाली तरी ती अजून हळूहळू वर येते आहे, आणि दक्षिण इंग्लंड तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखे खाली जाते आहे. त्यामुळे एकच समुद्र, पण दक्षिणेला तो जास्त चढल्यासारखा लागतो. वितीचा फरक म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण बांधावरून पाणी यायला वीतभरच कमी असते.

म्हणून १९९० च्या दशकापासून किनाऱ्याच्या योजना लिहिल्या जाऊ लागल्या. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा बावीस योजना आहेत. किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी चारांपैकी एक धोरण ठरवायचे: आहे ती रेषा राखायची, रेषा समुद्रात पुढे न्यायची, ती विचारपूर्वक मागे घ्यायची, किंवा काहीच करायचे नाही. आणि हे तीन मुदतींसाठी, २०२५ पर्यंत, २०५५ पर्यंत, २१०५ पर्यंत. चौथ्या धोरणाचे नाव ऐकायला सौम्य वाटते. ज्याचे घर त्या रेषेवर आहे त्याला ते सौम्य वाटत नाही.

कायदाही त्याच्या बाजूने नाही. १९४९ चा किनारा संरक्षणाचा कायदा स्थानिक संस्थांना किनारा राखण्याचा अधिकार देतो, पण तसे करण्याची सक्ती करत नाही. कडा कोसळून घर गेले तर घराच्या किमतीची भरपाई मिळत नाही. उलट धोक्यात आलेले घर पाडण्याची जबाबदारी मालकाचीच, आणि त्या पाडकामासाठी सहा हजार पौंडांपर्यंत मदत. ज्याने आयुष्यभर घराचे हप्ते फेडले, त्याने शेवटी ते पाडण्याची व्यवस्था करायची, असा हा प्रकार.

एकदा मात्र वेगळी वाट चोखाळून पाहिली. २००९ साली सरकारने किनाऱ्यावरच्या पंधरा स्थानिक संस्थांना प्रयोगादाखल एक कोटी दहा लाख पौंड वाटले. त्यांतले तीस लाख नॉर्थ नॉरफोकला मिळाले. त्या पैशांतून हेझबराच्या बीच रोडवरची, अगदी धारेवर आलेली नऊ घरे विकत घेऊन पाडली गेली. समुद्रापासून दूर ती असती तर जी किंमत आली असती, तिच्या सुमारे निम्मी किंमत मालकांना मिळाली. शून्यापेक्षा निम्मे बरे. गावाला आत, समुद्रापासून दूर, तितकीच नवी घरे बांधण्याची सोय करायची, म्हणजे गाव कमी होणार नाही, फक्त सरकेल, असा विचार त्यामागे होता. आम्हांला तो फार शहाणपणाचा वाटतो. पण तो प्रयोग होता, आणि पैसे संपले तसा तो संपला. २०२२ पासून नॉर्थ नॉरफोक आणि यॉर्कशरचा ईस्ट रायडिंग इथे पुन्हा असाच प्रयत्न सुरू झाला आहे.

हेझबरापासून थोड्याच मैलांवर बॅक्टन आहे. तिथे समुद्रातल्या नळांतून येणारा गॅस जमिनीवर उतरतो. देशाच्या गरजेचा तिसरा हिस्सापर्यंत गॅस त्या एका ठिकाणाहून जाऊ शकतो. २०१९ च्या उन्हाळ्यात त्या गॅस केंद्रापुढे अठरा लाख घनमीटर वाळू समुद्रातून आणून ओतली. ही युक्ती हॉलंडची. भिंत बांधण्याऐवजी वाळूचा मोठा ढीग घालायचा आणि तो पसरण्याचे काम लाटांवर सोपवायचे. पंधरा-वीस वर्षे ती वाळू पुरेल, आणि वाहत वाहत शेजारच्या बॅक्टन आणि वॉलकॉट गावांनाही राखील, असा अंदाज. विज्ञानाच्या दृष्टीने हे काम सुंदर आहे. पण ते कुठे झाले हे पाहा. मागे गॅस होता म्हणून पैसा उभा राहिला. हेझबराच्या मागे शेते, एक दीपगृह, एक शाळा आणि चर्च आहे. हिशेबाच्या वहीत कबरस्तानाला किती पौंड लावायचे?

वेल्समध्ये फेअरबोर्न नावाचे गाव आहे, साडेचारशेच्या आसपास घरे. तिथल्या योजनेत लिहिले गेले की २०५० च्या दशकात गावाचे संरक्षण थांबवून लोकांना हलवावे लागेल. ही बातमी २०१४ साली गावात पोचली आणि त्याच दिवसापासून घरांच्या किमती कोसळल्या, कर्ज मिळेना, विकायला काढलेले घर कोणी घेईना. समुद्र चाळीस वर्षे दूर होता, कागद दारात होता. जे म्हातारपणी शांतपणे राहायला म्हणून तिथे आले होते, त्यांची आयुष्यभराची पुंजी त्या घरांत होती. अशा योजनांवर टीका करणारे म्हणतात, लिहिलेच नसते तर बरे. आमचे मत तसे नाही. लपवून ठेवलेला धोका पुढच्या अजाण गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो, आणि तेही पापच. चूक लिहिण्यात नाही. तारीख लिहिली, पण त्या तारखेला माणसांनी कुठे जायचे आणि कोणाच्या पैशाने, हे लिहिले नाही, तिथे चूक आहे.

आता या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की ती ऐकून आपल्या खारेपाटातला शेतकरी कपाळाला हात लावील. ससेक्स परगण्यात मेडमरी इथे गोट्यांचा बांध होता. तो दर हिवाळ्यात फुटे, बुलडोझरने दर वर्षी परत लोटावा लागे. शेवटी सरकारने आतल्या बाजूला सात किलोमीटर लांबीचा नवा मातीचा बांध घातला, आणि २०१३ च्या सप्टेंबरात जुना बांध मुद्दाम फोडला. दोन कोटी ऐंशी लाख पौंड खर्चून समुद्राला आत बोलावले! खांड पडू नये म्हणून ज्यांच्या वाडवडिलांनी रात्री कंदील घेऊन बांधावर पहारा केला, उधाणाच्या दिवसांत गावकी मिळून चिखलाच्या पाट्या वाहिल्या, त्यांना हे वेड वाटेल. खारबंदिस्तीसाठी मुंबई राज्यात १९४८ साली खास कायदा झाला, महाराष्ट्रात १९७९ साली पुन्हा झाला, इतका तो बांध आपल्याकडे महत्त्वाचा.

पण त्यामागचा विचार असा. भरतीचे पाणी आत-बाहेर करू लागले की गाळ बसतो, त्यावर खारट पाण्यात वाढणारे गवत आणि झुडपे येतात. आपल्याकडे खाजणात तिवरे येतात तसेच. ते गवत लाटेचा जोर मारते. लाट नव्या बांधापर्यंत पोचते तेव्हा दमलेली असते, त्यामुळे बांध ठेंगणा आणि स्वस्त चालतो. शिवाय गाळ दर वर्षी थोडा थोडा चढतो, म्हणजे समुद्राबरोबर जमीनही उंचावते. सिमेंटची भिंत उंचावत नाही. माशांची पिल्ले त्या खाजणात वाढतात, विशेषतः सी बास, जो चवीला आणि रूपाला आपल्या जिताड्याच्या जवळचा. (खवले असलेला, तेव्हा बायकांनी विचारायला नको.) मेडमरीला हे जमले, कारण आतल्या शेतांची किंमत आधी चुकती केली आणि नवा बांध आधी बांधला, जुना मग फोडला. खारेपाटात जिथे जिथे खांड पडून भातशेतीत तिवरे उगवली, तिथे हाच क्रम उलटा झाला. समुद्र आधी आला, आणि विचारणारे नंतर आले. बाहेरून दोन्ही चित्रे सारखीच दिसतात: पाणी, गाळ, तिवरे, बगळे. ज्याच्या ताटातला भात गेला त्याला ती सारखी नाहीत.

इस्राएलातल्या वाचकांनी हे परक्या देशाचे समजू नये. तिथल्या किनाऱ्याची वाळू बहुतांशी नाईल नदीने आणलेली. ती उत्तरेकडे वाहत हैफापर्यंत जाते. १९७० साली आस्वानचे मोठे धरण पुरे झाल्यावर नाईलचा गाळ धरणामागे अडला. अश्दोदचे बंदर १९६५ साली सुरू झाले. त्याच्या धक्क्याच्या दक्षिणेला वाळू साचते आणि उत्तरेला तुटवडा पडतो. अश्केलोन आणि नतान्या इथले कुरकारचे कडे असेच ढासळतात, आणि ते राखण्यासाठी सरकारला खास कंपनी काढावी लागली. संध्याकाळी कड्याच्या टोकाला जाऊन बसण्याची सवय असलेल्यांनी कुंपणाच्या अलीकडेच बसावे, एवढे या निमित्ताने सांगून ठेवतो.

कबरस्तानाचा प्रश्न राहिला. सफोक परगण्यात डनिच नावाचे एकेकाळचे भरभराटीचे बंदर आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि चौदाव्याच्या सुरुवातीला आलेल्या वादळांनी ते मोडले, आणि पुढची सहाशे वर्षे समुद्र एकेक गल्ली, एकेक चर्च नेत राहिला. (गाव गेले तरी १८३२ पर्यंत ते पार्लमेंटात दोन सभासद पाठवत होते.) ऑल सेंट्स हे शेवटचे चर्च १९०४ ते १९१९ च्या दरम्यान कड्यावरून खाली गेले. त्याबरोबर कबरी उघड्या पडल्या, आणि कड्याच्या मातीतून हाडे बाहेर आलेली लोकांनी पाहिली. आपल्या धर्मशास्त्रात मेलेल्याला हलवणे वर्ज्य, हे आपण सर्व जाणतो. पण शुल्हान आरूखमध्ये, योरे देआच्या ३६३ व्या प्रकरणात, अपवादही दिले आहेत, आणि त्यांतला एक हाच आहे: कबरीत पाणी शिरण्याची भीती असेल तर तिथून हलवणे हे कर्तव्यच ठरते. हा अपवाद लिहिणाऱ्यांनी नदी-समुद्राचे काठ पाहिलेले असणार.

नॉरफोकच्या गावकऱ्यांची एक साधी रीत आम्ही उचलण्यासारखी मानतो. हलणार नाही अशी एक खूण धरायची, घराचा कोपरा किंवा दगड, आणि तिथून कड्याच्या धारेपर्यंतचे अंतर दर वर्षी एकाच सुमाराला मोजून वहीत लिहायचे. दहा वर्षांची वही असली की सरकारी माणसापुढे बोलता येते. कोकणच्या सफरीला जाणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांनी नवगावच्या स्मारकस्तंभापासून उधाणाच्या भरतीची खूण किती पावलांवर आहे ते मोजावे. ओहोटीला मोजून उपयोग नाही. रोश होदेशनंतरचा किंवा पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस धरावा, कारण सर्वांत मोठे पाणी बहुधा एक-दोन दिवस मागाहून येते. किनाऱ्यावर वाळलेल्या काटक्या आणि शेवाळ्याची जी ओळ पडलेली असते, तीच भरतीची खूण. अंतर, हिब्रू आणि इंग्रजी तारीख, मोजणाऱ्याचे नाव एवढे लिहून, जुन्या कबरींवरचे लेख वाचता येत असतील तर त्यांचे फोटो काढून, या अंकाच्या संपादकांकडे पाठवावे. मांडव्यापासून मुरूडपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या गावी आपले कबरस्तान समुद्राच्या बाजूला आहे, त्यांनीही तसेच करावे. टेप नसला तरी चालेल, दोरी चालेल. फक्त दर वर्षी तीच दोरी वापरावी.